माहोम्सचा पगार आणि बाकीचे ५२

"अगं, कळलं का? डॅलसवाल्यांनी मायका पार्सन्सला ग्रीन बेला देऊन टाकला!"

काकू उपड्या बादलीवर चढून कुंपणापलीकडून बोलत होत्या. एका हातात उकडीच्या मोदकांचा डबा, दुसऱ्यात फोन. २०२५ चा ऑगस्ट, गणपती बसून जेमतेम एक दिवस झालेला. ओव्हरलँड पार्कात, म्हणजे कॅन्सस सिटीच्या अगदी उशाशी राहून अमेरिकन फुटबॉल टाळता येत नाही हे मान्य. पण उभी हयात पुण्यातल्या सहकारी बँकेत खातेवह्या तपासण्यात घालवलेल्या या बाईंना टचडाउनपेक्षा करारांतच जास्त रस. मुलाकडे राहायला आल्या आणि इथल्या संघाच्या, चीफ्सच्या झाल्या.

"देऊन कसा टाकला? त्यांचा सगळ्यात भारी डिफेन्सवाला ना तो?"

"म्हणून तर! ड्राफ्टमधल्या दोन पहिल्या फेरीच्या निवडी, म्हणजे नवी पोरं उचलायचे हक्क, आणि एक केनी क्लार्क घेतला बदल्यात. आणि ग्रीन बेनं मायकाला लगेच चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले. वर्षाला ४ कोटी ७० लाख. क्वार्टरबॅक नसलेल्या माणसाला एवढा पैसा आजवर कुणी दिला नव्हता."

"डॅलसकडे पैसा नाही? तो जेरी जोन्स तर तेलवाला."

"पैसा ढिगानं आहे गं, खर्च करायची परवानगी नाही. आयपीएलच्या लिलावात पर्स असते ना, तसली इथे कॅप. यंदा २७ कोटी ९२ लाख. १९९४ साली सुरू झाली तेव्हा साडेतीन कोटीसुद्धा नव्हती—" काकू थांबल्या. "नेमकं सांगायचं तर ३ कोटी ४६ लाख होती. जवळजवळ साडेतीन. त्यात ५३ माणसं बसवायची. आणि डॅलसनं गेल्या सप्टेंबरात क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला काय दिलं? चार वर्षांचे २४ कोटी. वर्षाला सहा!"

मी म्हटलं, मग झालंच की. एकानं ताटातलं सगळं ओढून घेतलं, बाकीच्यांना काय उरणार? क्वार्टरबॅकांचे पगार म्हणजे निव्वळ लूट आहे.

यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हिशेब न जुळलेली व्हाउचर्स घेऊन त्यांच्या टेबलाशी उभी आहे.

"लूट नाही. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्याच हातात येतो. समोरून दीडदीडशे किलोची माणसं अंगावर धावून येताहेत, आणि दोन-तीन सेकंदांत ठरवायचं की कुणाकडे फेकायचा. ते ज्याला जमतं त्याला द्यावेच लागतात. घोटाळा वेगळाच आहे. ज्याला ते अधूनमधून जमतं, त्यालाही तेच द्यावे लागतात."

"द्यावे लागतात म्हणजे? कोणी बंदूक लावतं का?"

"भीती लावते. हा गेला तर दुसरा कोण, ही भीती. न्यूयॉर्क जायंट्सचं बघ. मार्च २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी दिले. बरा खेळला होता एक वर्ष. नोव्हेंबर २०२४ मध्ये घरी पाठवला. पण खरी गंमत सेक्वॉन बार्कलीची." आवाज खाली गेला, गोष्ट रंगणार असली की काकूंचा आवाज खाली जातो. "जोन्सला थैली दिली आणि बार्कलीला एका वर्षाच्या टॅगवर, म्हणजे वर्षभराच्याच करारावर, लटकवून ठेवलं. पुढच्या वर्षी तो निघाला फिलाडेल्फियाला. जायंट्सचे मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की तो तिकडे गेला तर मला झोप लागायची नाही. हे सगळं टीव्हीवर दाखवलं बरं का, मालिकेत! आणि तो तिकडेच गेला. ३ कोटी ७७ लाखांना, तीन वर्षांसाठी. पहिल्याच हंगामात २००५ यार्ड धावला, आणि सुपर बोल जिंकला तो नेमका त्याच्या वाढदिवसाला."

"मारांना झोप लागली का?"

"त्यांच्या बायकोला विचार. आणि क्लीव्हलंड तर विचारूच नकोस. डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीच्या निवडी घालवल्या, वर २३ कोटी, तेही पैन् पै हमीचे. तीन हंगामांत खेळला किती? १९ सामने. डेन्व्हरनं रसेल विल्सनला सोडला तेव्हा साडेआठ कोटी दोन वर्षांत वहीवर मेलेले. माणूस पिट्सबर्गला खेळत होता आणि खातं डेन्व्हरचं रडत होतं."

विल्सन म्हटल्यावर मला आठवलं, तो सिएटलला असताना तर जिंकला होता.

"अगं, तेव्हा स्वस्त होता ना! २०१२ च्या ड्राफ्टमधला तिसऱ्या फेरीचा पोरगा. सुपर बोल जिंकला त्या हंगामात मूळ पगार सव्वापाच लाखांच्या आसपास. लाख, कोटी नव्हे. क्वार्टरबॅकवर वाचलेल्या पैशांत सिएटलनं अशी फळी उभी केली की डेन्व्हरला ४३-८ असं धुतलं. सगळे आता तेच शोधत असतात: चांगला क्वार्टरबॅक, पण पहिल्या करारावरचा. २०११ पासून नव्या पोरांचे पगार बांधून दिलेत, त्यानं सगळं उलटंपालटं झालं. २०१० चा पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड, एक चेंडू फेकायच्या आधी त्याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख, त्यातले पाच कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी पहिला आलेला कॅम न्यूटन, त्याला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. एका वर्षात!"

"म्हणजे जुन्यांनी नव्यांच्या खिशातून काढले."

"काढले तर काढले. पण त्यामुळे पोरगा चांगला निघाला तर तीन-चार वर्षं चैन. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी बघ. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा. दुसऱ्या वर्षी पगार ८ लाख ७० हजार, आणि संघ सुपर बोलला. आपल्याशीच हरले म्हणा." आपल्याशी म्हणताना काकूंची मान जराशी ताठ झाली. "यंदा मे महिन्यात त्याला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी मिळाले. त्याआधी मार्चमध्येच डीबो सॅम्युअलला पाचव्या फेरीच्या निवडीवर वॉशिंग्टनला दिला, ग्रीनलॉ आणि हुफांगा डेन्व्हरला गेले, वॉर्ड इंडियानापोलिसला. आत्तापर्यंत घोडा फुकटात मिळाला होता म्हणून वऱ्हाड थाटात जेवत होतं. आता नवरदेवासाठी घोडा सोन्याचा हवा."

मी टॉम ब्रेडीचं नाव काढलं. कमी पैसे घेऊन संघ बांधू देणारा तो एकच, असं सगळेच म्हणतात.

"घेतले त्यानं कमी, नाही म्हणत नाही. पण तेव्हा घरात जिझेल बुंडशेन होती! त्या काळातली जगातली सगळ्यात महागडी मॉडेल. बायको नवऱ्याहून जास्त आणत असेल तर मीही त्याग केला असता." मग हळूच, "आमच्यांना नको सांगू हं हे."

आमचे, म्हणजे काका, आतून विचारत होते की आरतीचं काय. 'येते' म्हणून काकू पुन्हा वळल्या. आता खरी गाडी घरच्या संघावर आली, आणि ती लवकर थांबणार नव्हती.

"आपल्या क्वार्टरबॅकचं, माहोम्सचंच बघ. जुलै २०२० मध्ये दहा वर्षांचा करार, ४५ कोटींचा. लोकांनी बोटं मोडली, की आता संघ संपला. पहिल्याच वर्षी सुपर बोलमध्ये टॅम्पानं ३१-९ हाणला, त्याला राखणारे दोन्ही टॅकल जखमी, बिचारा अख्खा सामना जीव घेऊन पळत होता. मग चीफ्सनी काय केलं? पळून पळून दमला म्हणून त्याच्यापुढची भिंत नवी बांधली. जो थनीला पैसे देऊन आणलं, ऑर्लॅंडो ब्राउनला बदलीत आणलं, आणि एकाच ड्राफ्टमध्ये क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत, ट्रे स्मिथ सहाव्या. त्या ट्रेला कुणी घेत नव्हतं, फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या म्हणून."

"आणि टायरीक हिलला विकलं."

"ते तर धाडस! मार्च २०२२. सगळ्यात वेगवान माणूस, मायामीला दिला, पाच निवडी घेतल्या. त्याला तिथे १२ कोटी मिळाले. लोक म्हणाले, पगारासाठी उजवा हात कापला. पण त्या निवडींच्या जिवावर वर सरकून ट्रेंट मॅकडफीला उचलला. त्या वर्षी बचावात निम्मी पोरं कोरी, पहिल्या करारावरची. आणि जिंकले की नाही? पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले. त्याआधी सुपर बोल जिंकणाऱ्या क्वार्टरबॅकांत कॅपचा सगळ्यात मोठा वाटा होता १९९४ च्या स्टीव्ह यंगचा, १३ टक्क्यांच्या आसपास. माहोम्स १७ टक्क्यांवर बसून जिंकला."

"मग यंदा फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये काय झालं? फिलाडेल्फियाकडून ४०-२२ हरले."

काकूंनी डबा कुंपणावर ठेवला. दुखरी जागा.

"सांगते. माहोम्सचा पगार हे कारण नाही. आज प्रेस्कॉटपेक्षा तो स्वस्त आहे. वाढले ते बाकीचे. स्वस्तातली पोरं मोठी झाली. आपल्या क्रिस जोन्सला १५ कोटी ८७ लाख द्यावे लागले. डावा टॅकल टिकेना, म्हणून गार्ड असलेल्या थनीला तिथे उभा केला. फिलाडेल्फियानं एकही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे जादा माणसं धाडली नाहीत, फक्त पुढच्या चौघांनी सहा वेळा माहोम्सला आडवा केला. चौघांनी! आणि त्यांचा क्वार्टरबॅक काय फुकटचा होता? जेलन हर्ट्सला साडेपंचवीस कोटी दिलेत. पण तो हाउई रोझमन, त्यांचा मॅनेजर, पक्का हिशेबनीस. सही करताना मोठी रक्कम हातात द्यायची आणि वहीत ती पाच वर्षांवर पसरायची. करार संपल्यानंतरची खोटी वर्षंसुद्धा जोडतो, नुसती आकडे टाकायला. आज वही हलकी, पैसा बाकीच्यांवर. माझ्या बँकेत असं कुणी केलं असतं तर मी शेरा मारला असता."

"पण कायदेशीर आहे ना?"

"शंभर टक्के. कॅप बहुतेक दरवर्षी फुगते, तेव्हा पुढे ते ओझं हलकंच वाटतं, हा त्याचा डाव. आत्तापर्यंत जमलाय." कौतुक होतं की राग, कळेना. "आपल्या चीफ्सनीही शिकावं जरा. थनीला मार्चमध्ये शिकागोला दिला, ट्रेला नऊ कोटी चाळीस लाख. डाव्या टॅकलसाठी जॉश सिमन्स घेतला पहिल्या फेरीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं पोरगं, पण स्वस्त."

"आणि मॅकडफी? त्याचा करार कधी?"

"हा प्रश्न! तो कॉर्नर, आता तोही मागणार. पण आपल्या केल्सीचा करार या हंगामाबरोबर संपतोय, त्याचे जवळजवळ पावणेदोन कोटी सुटतील."

"काकू, परवाच साखरपुडा जाहीर झालाय हो त्याचा! आणि तुम्ही त्याला निवृत्त करताय?"

"टेलर स्विफ्टशी झालाय, अगं. लग्नाचा खर्च काही चीफ्सच्या पगारातून व्हायचा नाही. त्यानं पुढच्या वर्षी कमीत कमी पगारावर खेळावं, मी अडवत नाही." काकूंनी डब्याचं झाकण उघडलं, एक मोदक मला दिला आणि एक स्वतः घेतला. "तूप घेऊन येऊ का आतून? कोरडाच खातेस."