ऑनलाइनवाले भाऊ

जानेफळात काय किंवा मेहकर तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या गावात काय, ऑनलाइनवाल्या भाऊंचं दुकान विचारावं लागत नाही. बाहेर चपलांचा ढीग आणि आत प्रिंटरचा खरखराट, तेच ते. पाटीवर सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, सगळं आहे. 2024 पासून वरच्या कोपऱ्यात 'लाडकी बहीण' चिकटवलीय. तळाशी बारीक अक्षरांत: लग्नपत्रिका छापून मिळतील.

भाऊंचा नियम एकच. गिऱ्हाईक आलं की ब्राउझरची नवी खिडकी. प्रत्येक खिडकीत तेच टॅब, त्याच क्रमानं: महाभूलेख, आपले सरकार, महाडीबीटी, पीकविमा, पीएम किसान, आधार. शेवटचा यूट्यूब, तो भाऊंचा स्वतःचा. कोणती खिडकी कोणाची, हे त्यांना तोंडपाठ. तिसरी काकाजींची, पाचवी मावशींची, आठवी ज्याच्याकडून पैसे यायचेत त्याची. ही आठवी पैसे येईपर्यंत बंद होत नाही. उधारीची वही भाऊंनी कधीच सोडली.

खरिपाच्या विम्याची मुदत जवळ आली की खिडक्यांना सुमार राहत नाही. 2023 मध्ये विमा एक रुपयात झाला, तेव्हा तो रुपया भरायला लोक शंभराचं पेट्रोल जाळून येत होते.

गोम अशी, की खिडक्या कितीही असोत, ब्राउझर एकच. लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी सगळ्या खिडक्यांना सामाईक. दारं वेगळी, चूल एक, असं हे एकत्र कुटुंब. म्हणून पाचव्या खिडकीत मावशींचं खातं उघडलं, की त्याच संकेतस्थळावर तिसऱ्या खिडकीत बसलेले काकाजी बसल्या जागी मावशी होतात.

"भाऊ, हे माह्यं नाव नाही."

"रिफ्रेश करतो ना काकाजी."

रिफ्रेश केल्यावर नावाबरोबर शेतही बदलतं. काकाजींची कोरडवाहू जमीन क्षणात बागायती होते, तेव्हा मात्र ते तक्रार करत नाहीत.

इनकॉग्निटोचा उपाय भाऊंना ठाऊक आहे. पण ती काळी खिडकी उघडली, की मागून कुजबुज होते: "काळं काहून केलं भाऊ? दोन नंबरचं काम हाये का?"

परवा पुण्याचा भाचा आला होता. म्हणाला, मामा, न्यूयॉर्कच्या एका कंपनीनं 2023 मध्ये आर्क नावाचा ब्राउझर आणलाय. कितीही खिडक्या उघडा, सगळ्यांत तेच टॅब आपोआप! आपण हातानं करतो ते कोणीतरी यंत्रात बसवलं, याचं भाऊंना काही विशेष वाटलं नाही.

"ओटीपी बी सगळ्या खिडक्यांत येते का?"

"ओटीपी मोबाईलवरच येणार ना, मामा."

"मंग काय कामाचं? काकाजी, ओटीपी आला का?"

काकाजींचा नंबर होता पोराकडे. पोरगं चाकणच्या कंपनीत, ड्यूटीवर. फोन गेटवर जमा. सुट्टी संध्याकाळी.

भाऊंनी काकाजींची खिडकी खाली सारली आणि पुढच्या माणसासाठी नवी उघडली.