कोजागिरी आणि माझं जीवामृत

पावसाळा सरता सरता गच्चीवरच्या बागेला जी अवकळा येते, ती बघवत नाही. भेंडी माझ्या डोक्याच्या वर गेलेली आणि तिच्या शेंगा इतक्या जरठ, की विळीनेही माघार घ्यावी. दोडक्याचा वेल खाली नुसत्या काड्या. वर टाकीच्या पाइपाला एकच दोडका सुकून लोंबकळतोय. हलवला की आत बी खुळखुळतं. वांग्याच्या पानांमागे पिठ्या ढेकणांनी पांढरीशुभ्र वसाहत थाटलेली. कुंड्यांतली माती पावसाने अशी धोपटलेली, की खुरपं मारलं तर टणकन आवाज यावा.

हस्ताचा पाऊस आवरला, की आम्हा गच्चीवरच्या बागायतदारांची लगबग सुरू होते. गेलेले वेल उपटायचे, किडका पाला वेगळा काढून फेकायचा, चांगला बारीक चिरून कंपोस्टात टाकायचा, माती ऑक्टोबरच्या उन्हात पसरून द्यायची. जून झालेलं वांगं फूटभर ठेवून छाटलं, तर पुन्हा फुटतं. मी ते अशा आवेशात छाटलं, की आमच्या हिने कठड्यापाशी येऊन विचारलं, "अहो, बोन्साय करताय का?" दसऱ्याआधी माळा आवरायला सांगितला तेव्हा माझी कंबर धरली होती, याचीही तिने जाता जाता आठवण करून दिली. माळ्यावर मेथी उगवत नाही, त्याला मी काय करणार?

मेथी-पालक पेरायचे, तर माती आधी कसदार हवी. चार महिन्यांच्या पावसात कुंडीतलं नत्र वाहून जातं. खताची एक पुडी आणून काम भागलं असतं. पण मी तेव्हा पद्मश्री सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीने भारलेलो होतो. जीवामृताची कृती एका एकराची: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. माझं एकूण लागवडीखालील क्षेत्र म्हणजे सिमेंटच्या काही गोण्या आणि रंगाच्या बादल्या. म्हणून सगळ्याला 20 ने भागलं.

गोठ्यावर जाऊन "अर्धा किलो शेण द्या," म्हटल्यावर गोठेवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलो नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. गोमूत्र कोकम सरबताच्या बाटलीतून आणलं, लिफ्टमध्ये एका काकूंनी "घरी केलंत का?" म्हणून कौतुकाने विचारलंसुद्धा. बेसनाच्या डब्याकडे हात गेला, तेव्हा मात्र घरात खटका उडाला. शंभर ग्रॅमचं एक वेळचं पिठलं होतं, असा हिचा हिशेब.

जीवामृत सावलीत ठेवून, गोणपाटाने झाकून, दिवसातून दोनदा ढवळायचं असतं. गोणपाट का, तर आत गूळ आंबतो, वायू सुटतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. हे मी वाचलं होतं. पण वास सोसायटीभर जाईल, या भीतीने मी रंगाच्या बादलीचं झाकण लावलं आणि वर उभा राहून ते चारी बाजूंनी नीट बसवलं. बादली टाकीमागे सरकवली. कोजागिरी तोंडावर आली आहे, हे लक्षातच राहिलं नाही.

कोजागिरीला सगळी सोसायटी गच्चीवर जमली. पातेल्यात केशर-वेलची घातलेलं दूध आटत होतं. वाऱ्याची एक झुळूक टाकीवरून आली आणि भेंड्या थांबल्या.

"दूध नासलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

दूध खजिनदारांनी आणलं होतं. ते लालबुंद झाले. "सकाळचं ताजं आहे हो!" मग एकेक जण पातेल्यावर वाकून हुंगू लागला. माझ्यावर पाळी आली तेव्हा मीही वाकलो, डोळे मिटले आणि जाणकारासारखा म्हणालो, "थोडं आंबूस आहे खरं." आमची ही माझ्याकडे एकटक बघत होती.

खजिनदार दुधाची पावती आणायला खाली निघाले. जिन्याची वाट टाकीवरूनच जाते. ते तिथे पोचायला आणि झाकण उडायला एकच गाठ पडली. "फट्ट!" असा आवाज झाला, झाकण वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरीवर जाऊन बसलं आणि खजिनदारांचा पांढरा झब्बा कमरेपर्यंत सुपीक झाला. अंगावर फेस निथळतोय, तरी त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे उमटलं ते समाधान होतं. "बघा! दूध नव्हे!" ते ओरडले.

मी उरलेलं जीवामृत दुसऱ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून गोण्यांना घातलं. मेथी चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फाकी करायला विसरलो होतो, त्यामुळे ती अजून विचार करते आहे. झब्बा मी भरून दिला.

खाली फलकावर सूचना लागली: "गच्चीवर आंबणारे पदार्थ ठेवू नयेत." त्यावर तळमजल्यावरच्या आजींनी लेखी विचारणा केली आहे, की त्यांची कैरीच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवायची की नाही. विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे. आजींच्या अर्जाला अनुमोदक म्हणून सही माझी आहे.