कच्ची पिन

कोल्हापूरला समुद्र नाही, ही उणीव पंचगंगा अधूनमधून घरपोच भरून काढते. जुलै लागला की अख्खं गाव फूट-इंचांत बोलायला लागतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, आणि राधानगरी धरणाच्या 7 स्वयंचलित दरवाज्यांपैकी आज कितवा उघडला यावर चहाच्या गाड्यावर पैजा. 2019 च्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्या. पहिल्या महापुरानंतर आमच्या तालमीनं वर्गणी काढून एक फायबरची बोट घेतली आणि तिच्या पाठीला लावायला एक जुनं, लहान, टू-स्ट्रोक मशीन. सरकारी कागदावर त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, लिहितात. मी तालमीचा खजिनदार. मला इंजिनातलं जे काही कळतं ते बिलं वाचून.

सर्व्हिसिंगचं पहिलं बिल आलं आणि सभा बसली. विषय एकच. देखभाल डीलरकडून करून घ्यायची का आपली आपण? डीलर घाटाखाली, कोकणात. बिलात प्लग होता, ऑईल होतं, मजुरी होती, आणि मशीन नुसतं बघितल्याचेही पैसे होते. हे बघितल्याचे पैसे सभेला फार लागले.

अध्यक्ष म्हणाले, "एवढ्याशा मशीनला कोकण दाखवायचं? उद्यमनगरात विमान नेऊन ठेवा, सांजपर्यंत उघडून देतील."

"आणि जोडून?" मी विचारलं.

"आधी उघडूदे तर मर्दा!"

त्यांचा सूर समजण्यासारखा आहे. ज्या गावानं म्हादबा मेस्त्रींसारखा कारागीर बघितला, ज्या गावात दर चार घरांआड कुणीतरी फौंड्रीत किंवा लेथवर आहे, तिथं एखादं यंत्र दुसऱ्याच्या हाती सोपवणं म्हणजे भर चौकात कमीपणा घेणं. शिवाय एक मुद्दा अध्यक्षांच्या बाजूनं अगदी बिनतोड होता. महापूर आला की शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जातो. गगनबावड्याचा रस्ता त्याच्या आधीच गेलेला असतो. म्हणजे ज्या दिवशी डीलरची गरज, त्या दिवशी डीलरकडं जायला बोट पाहिजे, आणि बोटीचं मशीन बंद पडलंय म्हणून तर डीलर पाहिजे. ठराव एकमतानं मंजूर झाला. मशीन इथंच बघायचं.

या मशीनचा जन्मच मुळी उतावळेपणातून झाला, असं म्हणतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून आलेला एक मेकॅनिक होता. उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेला असताना त्याच्या प्रेयसीला आईस्क्रीम खावंसं वाटलं. गडी वल्ही मारत पलीकडं गेला, आईस्क्रीम घेऊन परत येईतो ते वितळलं. तेव्हा त्यानं बोटीला लावायचं इंजिन करायचं मनावर घेतलं आणि 1909 पासून ते विकायलाही लागला. आख्यायिका गोड आहे, पण कोल्हापुरात ती घडली नसती. गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध पाजणाऱ्या दूधकट्ट्यांचं हे गाव. इथल्या प्रियकरानं म्हैसच बोटीत घातली असती, आणि मोटर आजतागायत निघाली नसती.

तर देखभाल. बिलं वाचून आणि दोन्ही बाजूंच्या मेकॅनिकांची बोलणी ऐकून माझं एक मत झालंय. हे मशीन चालवून खराब होत नाही, ठेवून खराब होतं. पूर ओसरला की आमची बोट कुणाच्या तरी गोठ्यात पालथी पडते आणि मशीन अध्यक्षांच्या माडीवर जातं. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल तिथं महिनोन्‌महिने उडत जातं, मागं चिकट राळ उरते, जेटचं बारीक भोक बुजतं. थंड पाणी फिरवणाऱ्या वाटांमध्ये नदीचा गाळ वाळतो. गिअरच्या डब्यात पाणी शिरलं असेल तर ऑईल पांढरट होऊन आतल्या आत गंज चढवतं. यावर उपाय इतका सोपा की सांगायची लाज वाटावी. टिपाडात स्वच्छ पाणी भरायचं, मशीनचा पाय त्यात बुडवून थोडा वेळ चालवायचं, पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळू द्यायचं, गिअर ऑईल बदलायचं आणि मशीन उभं ठेवायचं. पेट्रोलमध्ये ऑईल किती ते पुस्तकात छापलंय, आमच्या मशीनला लिटरला 20 मिली. ते मापानं घालायचं. लूना आणि राजदूतवर वाढलेली आमची पिढी ते अंदाजानं घालते, आणि मग बोटीच्या आधी धूर पुढच्या गल्लीत पोचतो.

पण या कामांना तालमीत कुणी हात लावत नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांना पाना लागत नाही. पाना लागत नाही ते काम पोराबाळांचं. उलट गिअरचा डबा, जो कंपनीची हत्यारं असल्याशिवाय उघडू नये, तो उघडायला बाराजण हजर. म्हणजे ठराव काहीही असो, धुण्यापुसण्याला मशीन डीलरकडं पाठवायचं आणि पोटातलं ऑपरेशन घरी करायचं, अशी आमची कामाची वाटणी.

त्यातून खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेत वस्तादांच्या जोडीच्या शेजारी मशीनही मांडलं जातं. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ, आणि प्रसादाआधी मानाची दोरी ओढून मशीन चालू करायचं, कोरडं. या मशीनच्या पायात पाणी ओढणारा एक रबरी पंखा असतो, इम्पेलर. पाण्याशिवाय फिरला तर थोड्याच वेळात तो जळायला लागतो. चालू मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. आमच्यातले अनुभवी लोक सूचना देतात, "मुततंय का बघा आधी." खंडेनवमीला ते मुतत नाही, पण भरल्या पूजेत हे बोलणार कोण? त्यामुळं दसऱ्यानंतरच्या जमाखर्चात इम्पेलर मी आता 'धार्मिक कार्ये' या सदरात धरतो.

आणि मग पिनचं प्रकरण.

लहान मशीनमध्ये पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक छोटी आडवी पिन असते. आमची एकदा मोडली. तिची जोडीदारीण मशीनच्या टोपणाखाली चिकटवलेली होती. ती बसवायला पक्कड आणि पाच मिनिटं पुरली असती. पण मोडलेली पिन उद्यमनगरात गेली. तिथल्या लेथवाल्या मिस्त्रींनी ती नखानं ओरखडली, उजेडात धरली आणि निदान केलं.

"पितळ हाय. फसवलंय तुमाला कंपनीनं."

त्यांनी लेथवर चांगल्या पोलादाची पिन काढली, तापवून तेलात बुडवून पाणी दिलं, घासून चकाचक केली. पैसे घेतले नाहीत. चहासुद्धा त्यांनीच सांगितला. पिन हातावर ठेवत म्हणाले, "ही आता तुमच्या नातवाच्यानं पण मोडायची न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात नदी पात्राबाहेर पडली, पोरं सरावाला उसाच्या रानावरून बोट घेऊन निघाली. पुराच्या पाण्याखाली काय काय असतं याची यादी कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नाही. तारेचं कुंपण, पंपाची पाईप, बांधाचे दगड, वर जलपर्णीचा गालिचा. आमचा पंखा कुणाच्या तरी विहिरीच्या कठड्याला लागला. खाडकन आवाज आला. पिन मोडली नाही. आतल्या गिअरचे दात गेले.

मिस्त्री समाचाराला आले. डबा उघडून ठेवलेला होता, दातांचे तुकडे ताटात काढले होते. त्यांनी तिकडं बघितलंही नाही. पिन उचलली, पुसली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. "हाय का एक तरी ओरखडा?"

शेवटी डीलरचा माणूस घाट चढून आला. कंपनीचा टी-शर्ट घातलेला कोकणातला पोरगा, मितभाषी. बिलात गिअरचा जोड, सील, मजुरी, प्रवास, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात कमी रकमेची ओळ: पिन, 2 नग. मिस्त्री बाजूच्या खुर्चीवर बसून काम बघत होते. पोरानं त्यांना समजावलं की ही पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. कुठं धडक बसली की तिनं मोडायचं आणि गिअर वाचवायचा.

"म्हंजे मोडायसाठीच केलीया?"

"हो काका."

मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोडायच्याच वस्तू करायच्या तर त्याला कंपनी कशाला लागती?"

तेवढ्यात पोराचा पुलर निकामी झाला. बेअरिंग ओढून काढायचं कंपनीचं खास हत्यार, त्याचा एक पंजा तुटला. नवा मागवायचा तर कंपनीची किंमत ऐकून पोरगा स्वतःच कळवळला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, असला एक करून मिळंल काय हो इथं?"

मिस्त्रींनी खिशातून व्हर्नियर काढला, तुटक्या पंजाचं माप घेतलं, कागदावर लिहिलं.

"मिळंल. पण पक्का करू का कच्चा, ते आत्ताच सांग. मागनं माझं नाव नको."