काम तूर्तास बंद आहे

मे २०१५ मध्ये व्हीआर हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने जाहीर केलं की मॅक आणि लिनक्ससाठीचं काम तूर्तास थांबवतोय, आधी विंडोजचं नीट होऊ दे. मालक फेसबुक होतं, त्याचं मेटा झालं. रिफ्ट गेला, क्वेस्ट आला, क्वेस्टच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ते ‘तूर्तास’ अजून चालूच आहे.

महापालिकेने खोदलेल्या रस्त्यावरची पाटीसुद्धा यापेक्षा लवकर निघते.

गंमत पुढेच आहे. क्वेस्टच्या पोटात अँड्रॉइड आणि अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्सचं कर्नल. म्हणजे डोक्यावर लिनक्स, टेबलाखालच्या गेमिंग पीसीत लिनक्स. दोघांची गाठ घालून देणारं कंपनीचं अ‍ॅप मात्र विंडोजशिवाय जागचं हलत नाही.

या मध्यस्थाला बोलावलं कोणी?

‘लिनक्सवर गेम खेळतंच कोण’ हे ठरलेलं उत्तर. २०१८ मध्ये प्रोटॉन आलं, विंडोजचे गेम लिनक्सवर पळायला लागले. २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा स्टीम डेक तर लिनक्स घेऊनच बाजारात उतरला. उत्तर तेच! खेळणारे नाहीत म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून खेळणारे नाहीत.

शेवटी हौशी मंडळींनीच बाह्या सरसावल्या. पीसीवरचा गेम हेडसेटपर्यंत पोचवणारं एएलव्हीआर झालं, मोनाडो या मुक्त प्रणालीच्या पायावर तसंच वायव्हर्न उभं राहिलं. पीसीने चित्र काढायचं, ग्राफिक्स कार्डाने ते दाबून बारीक करायचं, वायफायने पोचवायचं आणि हेडसेटने उलगडायचं. ९० हर्ट्झला दर ११ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम लागते. उशीर झाला की पोटात ढवळतं. कंपनीला जे जमवायचं नव्हतं, ते लोकांनी रात्री जागून जमवलं.

तेही फुकट.

लिनक्सवाल्यांनी मात्र लगेच कॉलर ताठ करू नये. हेडसेट चढवावा तर समोर पीसीचं नावच नाही. तो कपाळावर सरकवायचा आणि टर्मिनल उघडायचं. कधी नेटवर्कवर पीसीचं नाव पुकारणारी अवाही सेवा झोपलेली असते, कधी फायरवॉलने ९७५७ क्रमांकाचं पोर्ट अडवलेलं असतं. ते मोकळं होईपर्यंत हेडसेटची बॅटरी मान टाकते. गेमचं काय? पुढच्या रविवारी बघू.

आणि बिनतारी खेळाचा पहिला नियम ठाऊक आहे ना? पीसीपासून राउटरपर्यंत तार ओढा! पीसीही वायफायवर ठेवला तर तीच फ्रेम हवेतून दोनदा जाणार, राउटरपर्यंत एकदा आणि तिथून हेडसेटपर्यंत पुन्हा. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे असाल, तर खेळ विसरा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने स्टीम फ्रेम हा हेडसेट जाहीर केला. हेडसेटमध्येच स्टीमओएस, म्हणजे लिनक्स. जोडीला पीसीत खोचायचा ६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅडॅप्टर. राउटरची कटकटच नको. लिनक्सवाल्यांचे डोळे पाणावले.

पुसा ते. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान थाटलं, आणि स्टीमच्या दुकानदाराला लिनक्सचा पुळका आला.