समुद्राची हजेरी

महसूल खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून नायब तहसीलदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाच्या दृष्टीने जगातील यच्चयावत स्थळांचे वर्ग दोनच : जिथे आपली सरबराई होते ती, आणि जिथे आपल्याला वरिष्ठांची सरबराई करावी लागते ती. परंतु तिसराही एक वर्ग आहे, तेथे पदरचे पैसे मोजून आपली सरबराई आपणच विकत घ्यावयाची असते आणि ती पुरेशी झाली की नाही याचा निवाडा, ज्यावर अपील चालत नाही अशा अधिकाराने, आपल्या सहधर्मचारिणीने द्यावयाचा असतो. हे ज्ञान मला एकसष्टाव्या वर्षी अंदमानातील एका बेटावर झाले.

मुलाने आम्हां उभयतांसाठी तेथे तीन रात्रींचा मुक्काम परस्पर ठरवून टाकला होता. ही वार्ता कळताच आमच्या कट्ट्यावरील एका जुन्या सहकाऱ्याने, "शिक्षा कोणाला झाली, तुम्हांला की वहिनींना?" अशी पृच्छा केली. त्यात त्याचा तरी काय दोष? मराठी माणसाच्या कानाला अंदमान हे पर्यटनाचे स्थळ नसून शिक्षेचे नाव आहे, आणि तिकडे जाणारा परतीचे तिकीट काढून जातो ही गोष्ट अद्याप त्याच्या अंगवळणी पडलेली नाही. आम्हीही पहिला दिवस सेल्युलर तुरुंगासाठी राखून ठेवला होता. 1906 साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीच्या सात बाहूंपैकी आज तीनच उभे आहेत. त्यांतील सावरकरांच्या कोठडीपुढे माझ्यासारखा बडबड्या मनुष्यही मुकाट झाला, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. तिथल्या गोष्टीची या गोष्टीत भेसळ करावयाची नाही, एवढ्यासाठीच तो प्रसंग येथे तहकूब करतो.

दुसऱ्या दिवशी बोटीने दोन-अडीच तासांत आम्ही स्वराजद्वीपावर उतरलो. 1857च्या बंडातील एका इंग्रज सेनापतीच्या नावावर असलेले हे हॅवलॉक बेट 2018च्या डिसेंबरात स्वराज्याच्या नावावर चढले. पण फेरफार मंजूर झाला तरी कब्जेवहिवाट जुनीच राहावी, त्याप्रमाणे नावाडी, रिक्षावाले आणि तिकिटे फाडणारे सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. येथील किनाऱ्यांना लोक नंबरांनी ओळखतात हे ऐकून मला परक्या मुलखात नातलग भेटल्यासारखे झाले. धक्का एक नंबरला, बाजार तीन नंबरला, आमचे निवासस्थान पाच नंबरला, म्हणजे विजयनगरच्या किनाऱ्यावर, आणि जगप्रसिद्ध राधानगर सात नंबरला. "मग बारा नंबर कुठे?" असे मी रिक्षावाल्यास विचारले, सातबाऱ्याचा हा विनोद त्या बंगाली तरुणास कळला नाही आणि सौभाग्यवतीने कळूनही दाद दिली नाही.

करारनाम्यात आमच्या कुटीचे वर्णन 'समुद्राभिमुख' असे केले होते. माडांच्या सावलीतून आमची बोचकी वाहून आणणाऱ्या पोऱ्याने मोठ्या ऐटीत दार उघडले, पडदा सारला, आणि मी पाहिले तो कुटी अभिमुख होती खरी, पण समुद्र जागेवर नव्हता. दृष्टी पोहोचेल तिथवर काळ्या, अणकुचीदार, मेलेल्या प्रवाळाचे खडक, मध्येमध्ये साचलेली डबकी, एका कुशीवर कलंडलेली होडी, आणि पार क्षितिजाशी, एखाद्या फरारी आसामीने लांबून गावाकडे डोकावावे तशी, निळी रेघ. वेळ दुपारचे साडेतीन. मी तत्काळ व्यवस्थापकास पाचारण करून हा काय प्रकार म्हणून जाब विचारला. तो अत्यंत विनयाने म्हणाला, "सर, अभी पानी गया है. आ जाएगा." कधी येईल, या प्रश्नावर त्याने आकाशाकडे बोट दाखविले. चौतीस वर्षे मी स्वतःच लोकांना 'साहेब दौऱ्यावर गेलेत, येतील' हे उत्तर देत आलो होतो; ते ऐकणाऱ्याच्या पोटात कसे कालवते याचा अनुभव मला त्या क्षणी प्रथमच आला.

सौभाग्यवतीचे माहेर मालवणचे. माझ्या सोलापुरी खानदानात पाणी टँकरने येते आणि संपते. ते जाते आणि आपण होऊन परत येते हे तिला मात्र पाळण्यापासून ठाऊक. "अहो, कालची अमावास्या झाली, आज उधाणाची ओहोटी आहे," ती म्हणाली, "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. आज प्रतिपदा, म्हणजे रात्री पाऊण वाजता भरेल." एवढे बोलून ती पदर खोचून त्या खडकांत उतरलीसुद्धा. मी व्हरांड्यात बसून कागद काढला आणि 'तक्रार' असा मथळा घालून पहिले कलम लिहिले : करारातील समुद्र मुदतीत हजर न केल्याबाबत.

रात्री सव्वादहाच्या सुमारास कोणी तरी घराला कान लावून श्वास घेत असावे अशा आवाजाने मला जाग आली. बाहेर आलो तो दुपारचा तो सारा उजाड खडकाळ मुलूख नाहीसा झाला होता आणि कुटीपासून वीसएक पावलांवर माडाच्या मुळ्यांशी काळेभोर पाणी हलत होते. मी घड्याळ पाहिले, सौभाग्यवतीस उठविले आणि विवाहानंतर क्वचितच लाभणाऱ्या समाधानाने तिला सांगितले की, मालवणचा हिशेब अडीच तासांनी चुकला. ती डोळे चोळीत म्हणाली, "बंदर बदललं की वेळ बदलायचीच. तुमच्या तालुक्याचा हुकूम दुसऱ्या तालुक्यात चालायचा का?" हे उत्तर इतके बिनतोड होते की मी निमूटपणे तक्रारीचा कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने नोंद केली : समुद्र हजर, रात्री 10 वाजून 15 मिनिटे.

पुढल्या सकाळी साडेपाचालाच सूर्य थेट उशीवर आला. या बेटांचे घड्याळ भारताचे असले तरी सूर्य त्यांचा स्वतःचा आहे. प्रमाणवेळेचे रेखांश साडेब्याऐंशी आणि हे बेट त्र्याण्णवाच्या आसपास, त्यामुळे घड्याळाच्या मानाने तो येथे सुमारे बेचाळीस मिनिटे लवकर येतो, आणि पुण्याच्या मानाने तर सव्वा तास आधी. संध्याकाळी पाचालाच हा गृहस्थ दप्तर बांधून चालू लागतो आणि मग भोजनाची घंटा होईपर्यंत माणसाने काळोखात काय करावे हे कोणी सांगत नाही. कलम दुसरे : पडदे विरळ असून सूर्योदय सक्तीचा आहे. सौभाग्यवती मात्र त्या सक्तीच्या सूर्योदयात, पुन्हा गैरहजर झालेल्या समुद्राच्या डबक्यांपाशी बसून, पाण्यातले निळे मासे मोजीत होती.

तिसरे कलम स्नानगृहाविषयी. त्याला भिंती चार होत्या, परंतु छप्पर निम्मेच. उरलेल्या निम्म्यातून एक माड आत डोकावत होता. साठी उलटलेल्या, आयुष्यभर कडी दोनदा तपासून न्हाणीघरात बसलेल्या मनुष्याने उघड्या आकाशाखाली अंगाला साबण लावणे हे मला संकोचाचे वाटते. त्यात भिंतीवर एक पाचूसारखी हिरवीगार पाल माझ्याकडे टक लावून पाहत होती. पंचांगात पल्लीपतनाची फले अवयवांनुसार दिलेली असतात, पण पाल हिरवी असल्यास काय, याचा निर्देश माझ्या स्मरणात नव्हता. ही जात फक्त अंदमानातच आढळते असे पोऱ्याने सांगितले, तेव्हा सौभाग्यवती तिला पाहण्यासाठी खास तीन वेळा आंघोळीस गेली.

चौथे कलम भोजनाचे. मी शाकाहारी, आणि येथे भाज्यांचा बराचसा पुरवठा समुद्रापलीकडून जहाजाने होतो. आमच्या पानात पडलेला कोबी बहुधा आमच्याच बोटीने आला असावा, कारण प्रवासाचा शीण दोघांच्याही मुद्रेवर सारखाच दिसत होता. उलटपक्षी सौभाग्यवतीच्या पानात मोहरी लावलेल्या माशाचा तुकडा पडला, आणि स्वयंपाकघरातील बंगाली बाई व मालवणची ही लेक यांच्यात, एकीला मराठी येत नसता आणि दुसरीला बांगला कळत नसता, खोबरे की मोहरी या विषयावर असा काही परिसंवाद रंगला की दिवे गेले, पंखे थांबले, जनित्र सुरू होऊन पुन्हा दिवे आले, तरी त्या दोघींना त्याची खबर नव्हती. या बाईचे सासरे पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन पन्नाशीच्या दशकात येथे आले. सरकारने जंगल तोडून जमिनी वाटल्या आणि गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी गावे वसली. सारे गोकुळ हरवून आलेल्या माणसांनी नव्या मातीला गोकुळाचीच नावे द्यावीत, यावर मला काही बोलता आले नाही. जमीनवाटपाचे कागद मी जन्मभर चाळले, पण त्यांतील अक्षरांना घरदार असते हे अशा वेळी आठवते.

त्या सायंकाळी आम्ही सात नंबरला गेलो. राधानगरची पुळण 'टाइम' साप्ताहिकाने 2004 साली आशियातील सर्वोत्तम ठरविली होती. निर्णयास हरकत घेण्यासारखे काही मला सापडले नाही. पाठीशी उंच सागरी महुव्याचे रान, पुढे पिठासारखी वाळू, आणि पश्चिमेला पाच वाजताच बुडणारा तो घाईचा सूर्य. हरकत होती ती वाळूतील बारीक माश्यांबद्दल. सौंदर्याने माझी वाचा बंद झाली असता त्यांनी माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर जे शिक्कामोर्तब केले, त्याची खाज पुढे आठवडाभर टिकली. कलम पाचवे. सौभाग्यवतीस एकही माशी चावली नाही. तिने घरून आणलेले खोबरेल चोपडले होते आणि तसे मला दोनदा सांगितलेही होते.

पण मला खरा धक्का दिला तो एका खेकड्याने. सौभाग्यवतीने किनाऱ्यावरचा एक रिकामा शंख, नुसता पाहण्यासाठी, व्हरांड्याच्या पायरीवर ठेवला होता; शिंपले-प्रवाळ बेटाबाहेर नेण्यास मनाई आहे. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी पाहतो तो त्याच्याभोवती शंखांत राहणारे चार खेकडे आकाराप्रमाणे ओळीने उभे. सर्वांत थोरल्याने आपला शंख सोडून या नव्यात प्रवेश केला. त्याच्या मोकळ्या शंखात दुसरा शिरला, दुसऱ्याच्यात तिसरा, तिसऱ्याच्यात चौथा, आणि सर्वांत लहान शंख तेवढा पायरीवर शिल्लक राहिला. चार मिळकतींचे हस्तांतर. ना खरेदीखत, ना मुद्रांकशुल्क, ना तलाठ्याची नोंद, ना भाऊबंदकीचा दावा! माझ्या उभ्या कारकिर्दीत एवढा स्वच्छ फेरफार माझ्या टेबलावर आला नव्हता. मी चहा निवेपर्यंत तेथेच उकिडवा बसून राहिलो, आणि मागे उभी असलेली सौभाग्यवती पहिल्यांदाच काही न बोलता हसली.

त्यानंतर मी समुद्राचा हजेरीपट मागील नोंदींसह रीतसर ठेवू लागलो. बेटावरील दुसऱ्या दिवशी दुपारपूर्वीची भरती पावणेअकराला, तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या पुढे. सौभाग्यवतीच्या मते रोजचा उशीर पाऊण तासाचा, माझ्या मते पन्नास मिनिटांचा. या पाच मिनिटांवरून आमच्यात जी हुज्जत झाली ती चंद्राच्या कानी गेली असती तर त्यानेच तडजोड केली असती. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य होती. रोज उशिरा येणारे कारकून मी पुष्कळ पाहिले. उशिरालाही शिस्त असलेला हा पहिलाच. मी त्या कागदाच्या पाठीवर पुढील पंधरा दिवसांचा तक्ता आखून टाकला.

बेटावरील चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघताना व्यवस्थापकाने अभिप्रायवही पुढे केली. मी तीत उतरविण्यासाठी पाच कलमांचा कागद काढला, तो प्रत्येक कलमासमोर पेन्सिलीने, थेट माझ्याच कचेरीच्या वळणात, शेरा मारलेला : 'वस्तुस्थिती मान्य, तक्रार अमान्य.' पाचव्यासमोर तेवढे 'खोबरेल' असे लिहिले होते. मी काही बोलणार इतक्यात व्यवस्थापकाची नजर कागदाच्या पाठीवर गेली. पाहुणे रोज पाणी कधी येणार म्हणून डोके खातात, तेव्हा हा तक्ता आपल्याला द्यावा, अशी त्याने हात जोडून विनंती केली. आणि मी होय-नाही म्हणण्यापूर्वीच सौभाग्यवतीने तो त्याच्या हाती दिला.

बाहेर समुद्र पुन्हा गैरहजर होता. "बाराच्या पुढे येईल," मी रिक्षावाल्यास आपणहून सांगितले. मागे वळून पाहिले तो पोऱ्या फलकावर तो कागद गोंदाने चिकटवीत होता, तक्ता बाहेर आणि तक्रार भिंतीकडे. आयुष्यात कैक तक्रारी मी दप्तरात बांधून ठेवल्या. पण गोंद लावून, कायमची, पुन्हा कोणाला उघडता येऊ नये अशी निकालात निघालेली तक्रार ही पहिलीच, आणि अर्जदार मी स्वतः होतो.