मु. पो. भिवंडी, मार्गे कुवेत

आमच्या आळीत मला नावाने हाक मारणारे आता थोडेच उरलेत. बाकीच्यांच्या लेखी मी 'कुवेत'. "कुवेत कधी आला?" "कुवेतची आई काल मंडईत दिसली." एकदा वाण्याच्या उधारीच्या वहीत "कुवेत : साबुदाणा १ किलो" अशी नोंद वाचली आणि तेलाच्या विहिरींवर बसलेल्या देशावर ही वेळ यावी याचं क्षणभर वाईट वाटलं. पण मनातून सुखावलो. तिकडे मी एका कंपनीच्या हिशेबखात्यात कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. तिथे मला 'इंडियन' म्हणतात, आणि आमच्या मजल्यावर निम्मे लोक इंडियनच आहेत. अख्ख्या देशाचं नाव मिळवायला मला भिवंडीलाच यावं लागतं.

या पदाबरोबर काही कर्तव्यं येतात. रजेवर आलो की आळीतली पोरं गाठतात, "काका, बाहेर जावं का? फायदे-तोटे सांगा ना." माझं व्याख्यान तयार असतं. फायदे : पगारावर आयकर नाही, पेट्रोल स्वस्त, आणि एका दिनाराला पावणेतीनशेच्या वर रुपये. तोटे : ऊन. उन्हाशी आलो की मी आवाज खाली आणतो आणि जुलै २०१६ मध्ये कुवेतातल्या मित्रिबा इथे नोंदलेलं ५३.९ अंश तापमान सांगतो, अशा थाटात की ते मीच तापवलं असावं. त्या आठवड्यात मी ऑफिसात एसीच्या गारठ्याने स्वेटर घालून बसलो होतो, हा तपशील व्याख्यानात बसत नाही. १९९० चंही तेच. इराकने कुवेत घेतलं आणि सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं, हे मी इतक्या बारकाव्याने सांगतो की ऐकणाऱ्याला मी शेवटच्या विमानाच्या शिडीवर उभा दिसतो. तेव्हा मी भिवंडीत अकरावीच्या वर्गात होतो. कुणी विचारलं तर सांगेन. अजून कुणी विचारलेलं नाही.

१९६१ पर्यंत कुवेतात आपला रुपयाच चालायचा, ही माझी हुकमी माहिती मी एकदा आईलाही ऐकवली. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग तेव्हा तुझ्या आजोबांनी जायला हवं होतं. पैसे बदलून घ्यायची कटकट तरी नव्हती."

पूर्वी या पदाला बॅगेचाही आधार होता. टँगचे डबे, निडोची भुकटी, दोघांनी उचलावं असं ब्लँकेट. बॅग उघडताना खोलीत एक वेगळाच वास पसरायचा आणि शेजारचे लोक काहीतरी काम काढून यायचे. आता माझा भाचा मानकोलीच्या गोदामात कामाला आहे. निम्म्या मुंबईने रात्री मोबाइलवर मागवलेला माल सकाळी त्याच्या हाताखालून जातो. मी प्रेमाने आणलेल्या अत्तराची बाटली त्याने उलटी केली, खालचा बारकोड न्याहाळला आणि म्हणाला, "मामा, हे आमच्याकडे 'बी' रॅकला असतं. दिवाळीत चाळीस टक्के सूट होती." मी घाईघाईने पिस्ते पुढे केले. पिस्त्यांचा रॅकही त्याला ठाऊक होता.

तोट्यांच्या यादीतला एक मुद्दा मी पोरांना कधीच सांगत नाही. तो म्हणजे माझा शाळेतला एक मित्र. दापोड्याकडे त्याची भातशेती होती. मुंबईच्या जकातीची हद्द अलीकडे संपायची, महामार्ग शेजारून जायचा, म्हणून व्यापाऱ्यांनी माल ठेवायला भिवंडीची शेतं शोधली. २०१७ साली जकात जीएसटीत गडप झाली. गोदामं मात्र वाढतच गेली. मी उमेदीची वर्षं वाळवंटात घालून कल्याणला एक फ्लॅट घेतला, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. त्याने खाचरावर पत्रा घातला आणि महिन्याच्या महिन्याला भाडं घेतो. नाक्यावर दिसलो की गाडीची काच खाली करून विचारतो, "काय कुवेत, सोडू का घरी?" त्याचा आदर अगदी खरा असतो. तोच जास्त लागतो.

असो. मला खरं बोलायचंय ते आवाजाबद्दल, आणि त्यावर बोलायला लागलो की मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या घराची मागची भिंत आणि एका मागांच्या कारखान्याची पुढची भिंत यांच्यात जेमतेम एक गटार आहे. साधे, धोट्याचे माग. मी जन्मलो तेव्हा ते चालू होते, मुंजीत मंत्र चालू होते तेव्हाही चालू होते, आणि गुरुजींनी शेवटी मंत्र मागांच्या तालात बसवून घेतले होते. भिवंडीतल्या मुलाला अंगाई लागत नाही. वीज गेली, माग थांबले, की आमच्या आळीतली तान्ही मुलं दचकून उठतात आणि म्हातारी माणसं "काय झालं?" म्हणून दार उघडतात. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी खडखडाट थांबला की मला शाळकरी वयात पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. आम्ही सगळे मोठ्याने बोलतो त्याचंही कारण हेच. आमच्याकडे कानगोष्ट सांगायची तरी ती दोन घरांना ऐकू जाते. कुवेतच्या ऑफिसात पहिल्या महिन्यात माझ्याविषयी तक्रार गेली की हा माणूस सगळ्यांवर चिडतो. मी फक्त 'गुड मॉर्निंग' म्हणत होतो. एका इजिप्शियन सहकाऱ्याशीच माझी तार जुळली, कारण तोही बायकोशी फोनवर प्रेमाने बोलत असला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघत.

आणि तिथल्या रात्री! खिडक्या बंद, काचा दुहेरी, वर एसीची एकसुरी घरघर. झोप येईना. मग एका रजेत मी मागच्या भिंतीशी मोबाइल धरून मागांचा आवाज भरून घेतला आणि कुवेतमधल्या साल्मियाच्या खोलीत उशाशी लावून झोपू लागलो. निवांत झोप लागायला लागली. चौथ्या रात्री वरचा मल्याळी शेजारी इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, घेऊन दारात उभा. त्याला वाटलं, माझ्या एसीचा कॉम्प्रेसर फुटायला आलाय. मी समजावू लागलो, पण 'हे संगीत आहे' हे मोडक्या अरबीत सांगणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने एसी पूर्ण खोलला, काही बिघाड सापडला नाही म्हणून गॅस भरला आणि दिनार घेऊन गेला.

कुटुंबाला तिकडे न्यायचं तर पगाराची अट असते. माझा पगार वाढला की अटही वाढते, त्यामुळे बायको भिवंडीतल्या शाळेत शिकवत राहिली. आई मात्र एकदा भेटीच्या व्हिसावर आली. समुद्र पाहिला, मॉल पाहिले, सरकत्या जिन्यावरून देवाचं नाव घेत वर गेली. रात्री मात्र या कुशीवरून त्या कुशीवर. मी म्हटलं थांब, आणि मोबाइल लावला. ती अंधारात जराशी हसली. मग बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "यातला एक माग लंगडतोय रे. शेटला सांगायला हवं." रेकॉर्डिंग दोन वर्षांपूर्वीचं होतं. मी "सांगतो" म्हणालो. तोवर ती घोरायला लागली होती.

त्या कारखान्यात आझमगडचे एक चाचा माग चालवतात. मिशा पिकल्या, पण हात पोरासारखा चालतो. गेल्या रजेत त्यांची माझी ओळख झाली ती मागच्या गल्लीतल्या भिशीच्या दाराशी. भिशी म्हणजे कारागिरांची खानावळ, हे भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगतो. त्यांच्याकडे भिशीत पैसे टाकतात, आमच्याकडे पोटात अन्न. मी नेहमीप्रमाणे परदेशाचा विषय काढला. चाचा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी माझीच उलटतपासणी सुरू केली. छुट्टी कितनी? जाना-आना कौन देता है? सेठ कैसा है? "कमरे में कितने जन?" मी जरा ताठ होऊन म्हणालो, "अकेला." चाचांच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. त्यांच्या खोलीत दिवसपाळीवाले उठले की त्याच जागेवर रात्रपाळीवाले आडवे होतात.

"अकेले? रात-बिरात बुखार आया तो पानी कौन देता है?"

मी म्हटलं, "११२ नंबर है."

"पानी के लिए?"

माझी बाजू लंगडी पडत होती म्हणून मी इतिहासात शिरलो. म्हटलं, आमचं गाव जुनं बंदर. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली, इथे जहाजबांधणी सुरू झाली, त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज होता आणि तो वसईवाल्यांच्या सांगण्यावरून माणसांसकट काम टाकून गुपचूप निघून गेला. कुवेतच्या भाषेत ॲबस्काँडिंगची पक्की केस. चाचांना व्हिएगसविषयी आपुलकी वाटली. म्हणाले, "हिसाब बाकी होगा उसका." मग मला विचारलं, "आपका गाँव कौनसा?"

"यही. भिवंडी."

चाचा मोकळेपणाने हसले. "ये भी कोई गाँव है? यहाँ तो सब बाहर के हैं."

मला राग आला. पिढ्यान्‌पिढ्या ब्राह्मण आळीत राहणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं? पण उत्तर सुचेना. १८५७ नंतर उत्तरेकडून पळत आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मनगरचे पद्मशाली, आता गोदामांत बिहार-बंगालची पोरं. आणि मी? मी भाड्याच्या खोलीत समुद्रापलीकडे. गावचे म्हणावेत असे फक्त माझा तो गोदामवाला मित्र आणि आई.

मग २०२० चा विषय निघाला. मार्चमध्ये कोरोनामुळे कुवेतने विमानं बंद केली होती. मी दूतावासाच्या यादीत नाव घालून बसलो. आई फोनवर रोज विचारायची, "जेवलास का?" आणि अडीच तासांचा फरक मनात धरून माझ्याच वेळेला विचारायची, त्या दोन महिन्यांत ती एकदाही चुकली नाही. त्याच वेळी चाचा पोलीस ठाण्यात अर्ज आणि डॉक्टरचा दाखला घेऊन दुसऱ्या एका यादीत नाव लागायची वाट पाहत होते. माग बंद, भिशी बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. त्यानंतर साधारण आठवड्याने कुवेतहून पहिलं विमान हैदराबादला निघालं. दोन्हींत आमची नावं नव्हती. माझ्या घामाने निथळणाऱ्या व्याख्यानात हे का नसतं, मला माहीत नाही. माझ्या फ्रिजमध्ये दूध होतं, एसी चालू होता, पगारातून कापलं तरी काहीतरी येत होतं. चाचांचे दोन खोलीभाऊ नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले होते. ते पोचले. चाचा एवढंच म्हणाले, "पहुँच गये," आणि पुढचं बोलले नाहीत. त्यानंतर 'ऊन' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा मला धीर झाला नाही.

वातावरण हलकं करायला मी इंडेम्निटीबद्दल सांगितलं. कुवेतात कंटाळा आला की प्रत्येक नोकरदार कागदावर हाच हिशेब मांडतो : नोकरी सुटताना पहिल्या पाच वर्षांचे दरवर्षी पंधरा दिवस, पुढे दरवर्षी एक महिना, आणि सगळं मिळून दीड वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नाही. २०१० चा कायदा आहे. चाचांचे डोळे चमकले. "मेरा भी निकालिए." बावीस वर्षं, महिन्याला पंधरा हजार. कॅल्क्युलेटर काढला. दीड वर्षाच्या मर्यादेला टेकलं : दोन लाख सत्तर हजार. आपल्याकडेही १९७२ पासून ग्रॅच्युइटीचा कायदा आहे, पण त्याला दहा माणसं लागतात, आणि भिवंडीच्या कारखान्यांत कागदावर दहावा माणूस सहसा जन्मालाच येत नाही. हे मी चाचांना सांगितलं नाही. ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिशीत गेलो तर माझ्यापुढे रांग. कुणी अठरा वर्षं, कुणी नऊ, कुणी रात्रपाळीला जादा धरायचं का विचारतोय. मी बाकावर बसून कुवेतच्या कायद्याने भिवंडीच्या मागांचा हिशेब चुकता करत होतो. ऑफिसात माझ्या टेबलाशी एवढी गर्दी कधी झाली नाही. छाती फुगली होती. भिशीवाल्याने डाळ-भाताचं ताट समोर ठेवलं आणि पैसे घेईना. शेवटी एक पोरगेलासा कारागीर आला, नुकताच मऊहून आलेला. त्याचा आकडा अगदीच किरकोळ निघाला. त्याने तो दोनदा वाचला.

"साहब, ये मिलेगा कहाँ?"

"कुवेत में."

त्याने मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"तो फिर यहाँ वाले साल," त्याने विचारलं, "वहाँ गिने जायेंगे क्या?"

मागून कुणीतरी ओरडलं, हिशेब नंतर कर, आधी जेव, पाळीची वेळ झाली. मी डाळीत लिंबू पिळलं.