आप्पांची मॉरिस, एकास त्रेचाळीस

(पडदा उघडतो. टेबलावर बुटाचं खोकं. निवेदक हिरेबाजारातला आयग्लास डोळ्याला लावून पहिल्या रांगेकडे रोखून बघतो.)

घाबरू नका, तुमची किंमत करत नाहीये! ही सुरतेची रीत आहे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात भर रस्त्यात स्कूटरच्या सीटवर पुडी उघडतात, डोळ्याला हे भिंग लावतात आणि तांदळाच्या कणीएवढ्या खड्यात खोट काढतात. आमचे आप्पा त्याच भिंगातून मोटारी बघतात. खेळण्यातल्या.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यात फिरलात तर आपण सुरतेत आहोत की खान्देशात, असा प्रश्न पडतो. कुणी लूमवर, कुणी प्रोसेस हाऊसमध्ये, कुणी हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर. आप्पांनी जन्मभर हिरे घासले. निवृत्त झाले तेव्हा हिरे शेठकडे राहिले, भिंग आप्पांकडे राहिलं. आता रिकाम्या भिंगाचं करायचं काय?

एका दुपारी ते चौटा बाजारात गेले आणि साडेतीनशे रुपये देऊन एक मोटार घेऊन आले. रंग उडालेली, बोटभर लांब, तीन चाकांची.

(काकूंच्या आवाजात) "अहो, शिवाजी महाराज १६६४ साली सुरतेत आले, १६७० साली परत आले. दोन्ही वेळेला घेऊन गेले! तुम्ही पहिले मराठे, जे सुरतेला देऊन आले!"

आप्पा शांत. "ही मॉरिस मायनर आहे. मॅचबॉक्सची, ४६ नंबर. १९५८ साली निघाली."

"चौथं चाक कुठल्या साली निघालं?"

(खोक्यातून छोटी गाडी काढून तळहातावर ठेवतो.)

तर मंडळी, ही मायनर. ॲलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्यानं आखली, १९४८ साली बाजारात आली. गाडी जवळपास तयार झाली आणि या गृहस्थाला वाटलं, अरुंद दिसतेय. त्यानं नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली. दोन अर्धुकं सरकवून सरकवून बघितली आणि चार इंचांवर म्हणाला, "बस, आता बरोबर." पण बंपर आधीच तयार होऊन पडले होते! मग तेही मधे कापले आणि चार इंचांचा तुकडा जोडला. बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी दिसते, ती त्याच वाढीची. आप्पांनी हे सगळं रंगवून सांगितलं. काकूंनी ब्लाउजची उसवलेली शिवण दाखवली आणि म्हणाल्या, "हे मी दर दिवाळीला करते. मला कुणी अभियंता म्हणत नाही."

खुद्द मालकाला गाडी आवडली नव्हती. लॉर्ड नफिल्ड, म्हणजे मॉरिस कंपनीचे संस्थापक, गाडी बघून म्हणाले म्हणे, हे तर पाण्यात शिजवलेलं अंडं! साहेब सुरतेत असते तर एवढ्यावर थांबले नसते. इथं अंडं म्हटलं की लारीवाला घोटाळा करतो. घाबरू नका, पदार्थाचं नाव आहे! उकडलेली अंडी किसून मसाल्यात घोळवायची, वर अर्धकच्चं अंडं फोडायचं. तर त्या अंड्यानं इतिहास घडवला. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या आनंदात कंपनीनं फिकट जांभळ्या रंगाच्या साडेतीनशे गाड्या काढल्या आणि मागे 'मायनर १०००' ऐवजी 'मायनर १०,००,०००' अशी अक्षरं लावली. एरवी शून्यं वाढवून सांगायची सवय फक्त दलालांनाच असते, असा आपला समज.

(दुसरी गाडी काढतो. पांढरी. घुमटासारखं छप्पर.)

हिची ओळख करून द्यायला नको. ॲम्बॅसेडर! पण ही जन्माने मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. इंग्लंडमध्ये १९५६ साली आली आणि १९५९ साली तिला निरोप मिळाला. तीन वर्षांत म्हातारी! आपल्याकडे उत्तरपाड्याला ती १९५७ पासून बनायला लागली आणि मे २०१४ पर्यंत बनत राहिली. विलायतेत निवृत्त, बंगालमध्ये सत्तावन्न वर्षं नोकरीत. पुढे २०१७ साली तिचं नुसतं नाव ऐंशी कोटी रुपयांना प्यूजो कंपनीला विकलं गेलं. गाडी नाही, नाव!

शेजारच्या सुरती मोटाभाईंना हे ऐकवत नाही. "आप्पा, बंगाल शानुं? ए तो अमारा गुजरातनी गाडी छे!" आणि मोटाभाई अर्धे खरे आहेत. ॲम्बॅसेडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली सुरू झाली ती आपल्या ओख्याच्या बंदरात. तिथं मॉरिस टेन जोडून 'हिंदुस्तान टेन' म्हणून विकायचे. १९४८ साली कारखाना उत्तरपाड्याला गेला. मग मायनरची झाली बेबी हिंदुस्तान, ऑक्सफर्डची झाली हिंदुस्तान फोर्टीन आणि तिच्या पुढच्या मालिकेची लँडमास्टर.

आता आप्पांचं कपाट लावण्याची पद्धत ऐका. लिव्हरपूलच्या डिंकी या खेळणी कंपनीनं १९५० साली ऑक्सफर्ड काढली, ४०जी नंबर. आप्पांच्या चिठ्ठीवर लिहिलंय: हिंदुस्तान फोर्टीन. कॉर्गीनं १९५६ साली, म्हणजे दुकान उघडल्या उघडल्या, मॉरिस काउली काढली, २०२ नंबर. काउली म्हणजे ऑक्सफर्डचंच अंग, पण स्वस्तातलं. आप्पांची चिठ्ठी: लँडमास्टर. या कपाटावरून आठवलं: इंग्रजांनी १६१३ साली जहांगीर बादशहाच्या परवान्यानं सुरतेत वखार घातली. महाराजांच्या पहिल्या स्वारीच्या वेळी तिचा प्रमुख होता ऑक्झेंडन. तो दारं लावून आत बसला. आज आप्पांच्या काचेच्या कपाटात ऑक्सफर्ड दारं लावून बसलीय. तेव्हाही आतलं बाहेर काढता आलं नाही, आताही काकूंना पुसायला काढता येत नाही.

(आवाज उतरवून) पण आप्पांचा जीव अडकलाय तो तिसऱ्या खणात. तिथं आहेत निकी टॉइज. डिंकीचे जुने झालेले साचे साठच्या दशकाच्या अखेरीस भारतात आले, कलकत्त्याला. इथं त्यांतून गाड्या ओतल्या, नाव ठेवलं निकी. रंग जाडसर, डबा पातळ. लक्षात आलं का? खऱ्या मॉरिसचं सामान विलायतेत जुनं झालं, ते हुगळीकाठी आलं. डिंकीच्या खेळण्यांचे साचे जुने झाले, तेही त्याच गावाकडे. गाडी आणि खेळणं, दोघांची बदली एकाच ठिकाणी! आणि काळ कसा, तर परमिट-कोट्याचा. बाप खरी ॲम्बॅसेडर नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघतोय आणि पोराच्या हातात निकीची जग्वार. ताबडतोब, नंबर न लावता.

मापाचं विचाराल तर आप्पा भांडायला उठतात. एकास त्रेचाळीस हे माप आलं खेळण्यातल्या रेल्वेवरून: खऱ्या गाडीच्या एका फुटाला सात मिलिमीटर. त्या हिशेबानं सव्वाचार मीटरच्या वरची ॲम्बॅसेडर दहा सेंटीमीटरची होते. मॅचबॉक्सवाल्यांचा हिशेब वेगळा. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी चिमुकला रोडरोलर केला आणि त्यातून सगळं उभं राहिलं. म्हणजे माप डबीचं! डबल डेकर बसही तेवढ्याच डबीत आणि मायनरही. दोन्ही शेजारी ठेवल्या की वाटतं, बसच्या ड्रायव्हरनं उतरून मायनर काखोटीला मारावी.

आणि डबा! गाडीपेक्षा डब्याला मान. मूळ डब्यासकट गाडी आली की भाव चढतो. काकूंनी एकदा साफसफाईत एक पिवळा डबा रद्दीत घातला. आप्पांनी दोन दिवस लोचोसुद्धा खाल्ला नाही. सुरतेत लोचो न खाणारा माणूस म्हणजे डॉक्टरला बोलवायची वेळ.

आणखी एक धास्ती आहे. युद्धापूर्वीच्या डिंकीच्या जस्तात शिसं मिसळलं गेलं की धातू आतून फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. दमट हवेत हे लवकर. तापीकाठचा पावसाळा म्हणजे विचारूच नका. म्हणून घरात कुणी नवे बूट आणले की आप्पा बूट बघत नाहीत, खोक्यातली ती ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांची पुडी आधी उचलतात.

(पांढरी गाडी मागे ओढून सोडतो. ती टेबलावर धावते.)

ही सेंटीची, प्लास्टिकची. मागे ओढा, पुढे पळते. नातवानं आणली. आप्पांनी भिंग लावलं, नाक मुरडलं आणि तिच्या टपावर स्वतः लाल मणी चिकटवला. नातू म्हणाला, "आजोबा, लाल दिवे मे २०१७ पासून बंद केलेत सरकारनं." आप्पा म्हणाले, "खऱ्या गाड्यांचे. यांना कोण अडवतंय?"

तर रसिकहो, तुमच्या माळ्यावर अशी एखादी मॉरिस पडली असेल तर कृपा करून तिला रंग लावू नका. उडालेला रंग असू द्या, डबा असेल तर फेकू नका, बुटाच्या खोक्यातली पुडी शेजारी ठेवा. विकायचीच झाली तर आप्पांना फोन करू नका. काकूंना करा. सध्या सौदा त्याच करतात, आणि उधारी ठेवत नाहीत.

(पडदा)